हर खेपेची बोहनी

आमच्या ऑफिसचा जिना सरकी-ढेपेच्या दुकानातून वर जातो. खाली जनावरांचं खाणं, वर आम्ही. जिन्याच्या तोंडाशी आम्ही हौसेनं पाटी लावली होती, 'क्वांटम तपासणी केंद्र, नांदुरा'. पाटी लावली त्याच आठवड्यात धाड गावचे एक शेतकरी धापा टाकत वर आले, माझ्या टेबलावर प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "घ्या बाई. हे वरच्या वावरातली. खालच्या वावरातली पुढच्या खेपेले आणून देतो."

पिशवीत माती होती.

"दादा, इथं माती नाही तपासत," मी म्हटलं.

"मंग काय तपासता?"

"कॉम्प्युटर."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दोन टेबलं, दोन लॅपटॉप, एक कूलर. "हे दोनच? अन् अजून झाले नाही का तपासून?"

मग मी त्यांना बसवलं आणि सांगितलं, की हे नाही, तो कॉम्प्युटर वेगळा असतो, परदेशात असतो, फार थंड पेटीत ठेवलेला असतो, आणि आम्ही इथून त्याला प्रश्न विचारतो. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "अन् तो खोटं बोलला तं?"

या एका प्रश्नावरच आमचं पोट चालत होतं. ते त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "असं असं," आणि खाली जाऊन ढेपेचं पोतं घेऊन जीपमध्ये बसले. माती तशीच राहिली. रफिकनं ती खिडकीतल्या डब्यात ओतली आणि तिच्यात पुदिना लावला. चांगला आला. म्हणजे मातीसुद्धा तपासून झाली म्हणायची.

मी मंदा इंगळे. बुलढाण्याला कॉलेजात फिजिक्स शिकवलं, रिटायर झाले आणि नांदुऱ्याला घरी येऊन बसले. बसणं काही जमेना. घरातल्यांनाही माझं बसणं जमेना. तेवढ्यात रफिक आला. रफिक माझा जुना विद्यार्थी. पुण्याला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर होता. वडील गेले, दुकान पाहायला कोणी नव्हतं, म्हणून परत आला. दुकान तसं अम्मीच चालवतात, त्याच्या आई. हा नुसता वर बसून खाली ओरडतो, "अम्मी, सरकी संपत आली." त्याला वेळ भरपूर होता, मला त्याच्याहून जास्त. पुण्याच्या त्याच्या ओळखीतून हे काम मिळालं आणि रिटायर बाई पुन्हा कामाला लागली. आता तेही सोडलंय. दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं काय करत होतात ते लोकांना समजेल असं लिहाल का?" माझ्या सख्ख्या नणंदेला आजवर समजलेलं नाही. पण प्रयत्न करते.

साधा कॉम्प्युटर हिशेब चुकत नाही. क्वांटम कॉम्प्युटर चुकतो. त्याचे जे बारीक घटक असतात, त्यांना क्यूबिट म्हणतात, ते भारी नाजूक. जरा ऊब लागली, शेजारच्या क्यूबिटनं जरा धक्का दिला, की बिघडले. या सगळ्या गडबडीला आमच्या धंद्यात गोंगाट म्हणतात. त्या गोंगाटातून उत्तर येतं. बरं, आम्ही याला विचारतो तेच प्रश्न, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे पाहायला दुसरीकडे जायची सोय नाही. परीक्षा घ्यायची, पेपर तपासायचा, आणि उत्तरं कोणालाच माहीत नाहीत. मला स्वतःलासुद्धा नाहीत. कॉलेजातही शेवटी शेवटी असंच चालायचं म्हणा.

यावर एक युक्ती आहे. गिऱ्हाईकाच्या प्रश्नासारखाच दिसणारा, तेवढाच लांब, तेवढाच किचकट, पण ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न आपण बनवायचा आणि तो गिऱ्हाईकाच्या प्रश्नांत मिसळून द्यायचा. आपल्या प्रश्नाला आम्ही 'घरचा' म्हणायचो आणि गिऱ्हाईकाच्या प्रश्नाला 'पाहुणा'. घरच्याचं सगळं आपल्याला माहीत, पाहुण्याचं काही माहीत नाही. यंत्राला बाहेरून दोघं सारखेच. गोंगाट काही तोंड पाहून त्रास देत नाही, दोघांनाही सारखाच देणार. घरचे नीट आले, तर पाहुणेही नीट आले असतील असं धरायला जागा आहे. घरचेच तोंडावर आपटले, तर पाहुण्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

फक्त एक पथ्य. घरचा कुठं बसवलाय हे ठरवून बसवायचं नाही. पत्ते पिसतात तसा क्रम पिसायचा. पिसणारा प्रोग्राम होता. बटण दाबलं, की क्रम पिसून यायचा. ते बटण रफिककडे होतं.

आमची गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका कंपनीच्या साहेबांच्या यंत्रानं आमच्या घरच्या प्रश्नांत असा काही मार खाल्ला, की मला त्याची दया आली. साहेबांचा फोन आला. "मॅडम, त्या दिवशी यंत्र फॉर्मात नव्हतं."

"मग फॉर्मात आलं की कळवा."

"थोडं ॲडजस्ट करता येणार नाही का?"

"साहेब, मी बुलढाण्यात परीक्षेच्या वर्गावर सुपरव्हिजनला उभी राहिलेली बाई आहे. माझ्यासमोर पोरांनी बुटातून चिठ्ठ्या काढल्यात. मला ॲडजस्ट शिकवू नका."

त्यांनी दुसरी वाट काढली, "तुमचं ऑफिस रेल्वे लाईनजवळ आहे ना? गाड्यांच्या हादऱ्यानं तर झालं नसेल?"

यंत्र समुद्रापार. आमच्या गाडीचा हादरा तिथवर पोचत असता, तर रेल्वेनं त्याचंही जादा तिकीट लावलं असतं. मी फोन ठेवला. रफिक म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक तोडू नका असं." खाली दुकान असल्यानं त्याच्या डोक्यात कायम गिऱ्हाईक.

आता दुकानाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. सकाळी दुकान उघडलं, की अम्मी पहिल्या गिऱ्हाइकाला कधी रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. घासाघीस केली तरी देतील, पण माल देतील. पहिली नोट आली, की ती डोळ्याला लावून कपाळाला लावतील आणि मग गल्ल्यात टाकतील. ही बोहनी. बोहनी नीट झाली तर दिवस नीट. पहिलं गिऱ्हाईक "पाहून राह्यलो, मंग येतो" म्हणून फिरलं, तर अम्मींचा दिवस गेला आणि त्यांच्यासोबत रफिकचाही. यात हसण्यासारखं काही नाही. बाजारात बसणारा कोणीही असाच असतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

रफिकची मोठी बहीण रोहिणखेडला दिलेली. तिची मुलगी नाझनीन. पुण्यात पीएच.डी. करत होती. सडसडीत, चष्मिस, बोलायला अशी, की समोरच्यानं आधी आपलं वाक्य दोनदा तपासून घ्यावं. मला आवडायची. तिचा विषय असा: चुंबकाच्या आत जे बारीक कण असतात, त्यांची एक रांग घ्यायची, एकाला धक्का द्यायचा आणि बाकीचे किती वेळ लयीत डोलतात ते पाहायचं. जुन्या गणितानं सांगितलंय, की लय टिकते. नाझनीननं क्वांटम कॉम्प्युटरवर करून पाहिलं, तर लय मोडत होती. मोडायला नको, तिथं मोडत होती.

हे खरं असेल, तर तो मोठा शोध. तिचे मार्गदर्शक म्हणाले, "लय कणांची मोडते आहे की यंत्राची, ते आधी बाहेरून तपासून आण. परदेशातल्या परिषदेत तू हे मांडणार. तिथं कोणी उभं राहून म्हणालं, की हा नुसता गोंगाट आहे, तर पुढं तुला कोणी दारात उभं करणार नाही." पोरीची सगळी मेहनत त्या एका प्रश्नावर अडकली होती.

काम आमच्याकडे आलं. मी म्हटलं, "रफिक, ही तुझी भाची. हे काम आपण घेणं बरं दिसत नाही."

"मॅडम, यंत्राले थोडीच मालूम हाये का ही कोणाची भाची हाये?"

यंत्राला भाची नसते, हे खरंच होतं. तरी मी सांगून ठेवलं, की निकाल मी काढणार, तू फक्त क्रम पिसून पाठवायचा. तो म्हणाला, "बस, तेवढंच करतो." तेवढंच केलं त्यानं.

यंत्र नवं होतं. तिकडची माणसं प्रत्येक खेपेआधी त्याची जुळवणी करायची, गवई तंबोरा जुळवून घेतो तशी. मग आमच्या प्रश्नांची एक खेप जायची. खेपेत एक घरचा, बाकी पाहुणे. मग पुन्हा जुळवणी, पुन्हा खेप. अशा कितीतरी खेपा गेल्या.

निकाल आले आणि काय सांगू, घरचे सगळेच्या सगळे बरोबर. एकही चुकला नाही. आणि पाहुण्यांमध्ये लय मोडलेली, अगदी नाझनीन म्हणत होती तशी. म्हणजे यंत्र धड होतं आणि मोडत होती ती कणांचीच लय. शोध खरा!

मी सही करायच्या आधी एकदा सगळं शांतपणे पाहते म्हटलं. रफिकला कुठला दम? त्यानं रोहिणखेडला फोन केला. "आपा, पोरीनं नाव काढलं व!" आपांनी शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी गावात, आणि दोन दिवसांत रोहिणखेडच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. 'आपल्या गावची कन्या नाझनीन हिने क्वांटमचा नवा शोध लावल्याबद्दल भव्य जाहीर सत्कार.' वर गावच्या पुढाऱ्यांचे मोठाले फोटो, मध्ये नाझनीन, खाली गोलात रफिक गॉगल लावून, आणि त्याच्या शेजारी मी. माझा फोटो कॉलेजच्या आयकार्डावरचा. त्यात मी कोणाला तरी वर्गाबाहेर काढत असल्यासारखी दिसते. फ्लेक्सवर असंही होतं, की 'श्रीमती इंगळे मॅडम यांच्या हस्ते प्रमाणपत्र प्रदान.' ते प्रमाणपत्र अजून माझ्या टेबलावर कोरं पडलं होतं.

आता माझी खोड. परीक्षेला एका ओळीतल्या सगळ्या पोरांना पैकीच्या पैकी मिळाले, की मला आनंद होत नाही. मी त्या ओळीजवळ जाऊन उभी राहते. घरचे सगळे बरोबर? गोंगाटाच्या यंत्रात? एखादा तरी घसरायला हवा होता. आमच्या इतक्या दिवसांच्या कामात असं झालं नव्हतं. मी क्रम काढून पाहिला. पहिल्या खेपेत घरचा पहिला. असू शकतो. दुसऱ्या खेपेतही पहिला. बरं. तिसऱ्या खेपेत पहिला, चौथ्या खेपेत पहिला, आणि शेवटच्या खेपेपर्यंत घरचा आपला पहिल्या पाटावर जावयासारखा बसलेला.

मी लॅपटॉप रफिककडे वळवला.

"रफिक, हे पिसलं कोणी?"

"प्रोग्रामनं."

"बटण एकदाच दाबलंस ना?"

रफिक टेबलावरची धूळ पुसायला लागला. टेबलावर धूळ नव्हती.

"एकदाच दाबलंस का?"

"तसं... पसंद येईलोक दाबलं, मॅडम."

"पसंद? अरे, साडी घेऊन राह्यला का तू?"

"नाही, म्हंजे, घरचा पह्यला येईलोक पुन्हा पुन्हा दाबलं."

"काऊन पण? काऊन दाबलं?"

त्यानं मान खाली घातली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बोहनी, मॅडम."

मी डोक्याला हात लावला. तो एकदम बोलायलाच लागला. "पाहा ना तुम्हीच. पह्यलाच सवाल पाहुण्याचा गेला तं त्याचं उत्तर बरोबर हाये का चूक, कोणालेच मालूम नाही. अशी लटकती बोहनी कोणी करते का? घरच्याचं उत्तर पक्कं असते. एक पक्कं आलं का मंग काम बरकतीचं होते."

"म्हणजे तू नेहमी हे करतोस?"

"नाही मॅडम, कसम से! रोज सकायची एकच. दिवसाची पह्यली. बाकी सारं प्रोग्राम पिसते तसंच. पण हे आपल्या नाझनीनचं काम होतं ना. म्हणून हर खेपेची बोहनी केली."

आता याला मारावं की जवळ घ्यावं? मी दोन्ही केलं नाही. मी ओरडले. इतकी ओरडले, की खालून अम्मींनी विचारलं, "कोणी पडलं का वर?"

यात काय बिघडलं, ते सांगते. भज्यांच्या गाडीवर पहिला घाणा नव्या तेलातला, सोनेरी निघतो. तेच तेल तापत राहिलं, की पुढचे घाणे काळे पडत जातात. आता तपासायला आलेल्या माणसाला तुम्ही दर वेळी पहिल्या घाण्यातलंच भजं दिलंत, तर तो काय लिहिणार? तेल उत्तम. आमच्या यंत्राची जुळवणी खेपेच्या सुरुवातीला ताजी असायची आणि मग हळूहळू उतरायची. घरचा ताज्या जुळवणीत बसून पास झाला. पाहुणे त्याच्यामागून गेले, उतरत्या यंत्रात. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे सांगायला तिथं घरचा कोणी नव्हताच.

लय मोडली ती कणांची, की उतरलेल्या यंत्राची? सगळं पुन्हा तिथंच येऊन उभं राहिलं.

आधीची कामं मी सगळी उकरून पाहिली. दिवसाच्या एका बोहनीनं काही हललं नव्हतं. बाकीच्या खेपांत घरचे कुठंही विखुरलेले होते. देव पावला, रफिकचा आणि माझा, दोघांचाही.

नाझनीनला फोन करायला रफिक तयार होईना. "मॅडम, तुम्ही करा. तुमचा आवाज भारी हाये." मी केला. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामू हायेत का तिथं?"

"आहे. कूलरच्या मागं उभा आहे."

"त्यांले सांगा, मी येऊन राह्यली. तोवर कोण्याच बटनाले हात लावू नका म्हणा."

ती गाडीनं आली, स्टेशनवरून थेट वर. रफिककडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "मॅडम, क्रम पुन्हा पिसू," ती म्हणाली, "पण मामू नाही पिसणार."

"मी पिसते," मी म्हटलं.

"तुम्ही पण नको. तुम्हाला काय निघावं असं वाटते ते माझ्यापेक्षा जास्त तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं. अन् मी तं नाहीच नाही."

तिचं बरोबर होतं. बटण एकदा दाबलं, की झालं, एवढी सोपी गोष्ट. पण त्या खोलीत एकदाच दाबेल असा हात राहिला नव्हता. शेवटी आम्ही अम्मींना वर बोलावलं. मोहल्ल्यातल्या बायकांची भिशी अम्मी चालवतात. चिठ्ठी त्यांनीच काढायची असा तिथला रिवाज आहे. अम्मींनी काढलेल्या चिठ्ठीवर आजवर कोणी तोंड वाकडं केलेलं नाही. त्यांच्या भिशीच्या डब्यात आम्ही चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर 'घरचा', बाकीच्यांवर 'पाहुणा'. प्रत्येक खेपेसाठी डबा हलवायचा आणि चिठ्ठ्या एकेक करून काढायच्या, येतील तशा.

अम्मींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले आणि चिठ्ठी काढली. "कोणाची निघाली?"

"पाहुण्याची."

"बसवा त्याले. पाणी द्या."

दुसरी चिठ्ठी. "पाहुणा."

"अरे बाप रे, लयच पाहुणे हायेत. घरचं कोणीच नाही का?"

रफिक तिकडे तोंड करून उभा. त्या दिवसाची पहिलीच चिठ्ठी पाहुण्याची निघाली, हे त्याच्या जिवाला किती लागलं असेल, ते मला दिसत होतं. घरचा कधी मध्येच निघाला, कधी शेवटी. अम्मी मात्र रंगात आल्या होत्या. घरचा निघाला, की "मुबारक!" म्हणायच्या.

खेपा गेल्या. निकाल यायला लागले. आम्ही तिघं एका लॅपटॉपपुढं दाटीवाटीनं बसलो. पहिल्यांदा पाहिले घरचे. जे सुरुवातीला बसले होते ते बरोबर. जे मागं बसले होते ते सरळ चुकलेले. मग नाझनीननं स्वतःचे पाहुणे लावले, आधी मागचे, मग पुढचे. मागच्यांत लय मोडलेली. पहिल्या जागेवर बसलेल्यांत लय जशीच्या तशी. जुन्या गणितानं सांगितली तशीच, छान, शांतपणे डोलत होती.

शोध नव्हता. उतरलेलं यंत्र होतं.

इतकी वर्षं मी लोकांना 'नाही' सांगत आले, कधी काही वाटलं नाही. त्या पोरीकडे पाहून वाटलं, की आपण कॉलेजातच मेलो असतो तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि खाली निघून गेली.

रफिकला रडू आलं. "मॅडम, माह्यामुळं पोरीचा शोध गेला."

"तुझ्यामुळं नाही रे. शोध नव्हताच. तुझ्या बोहनीनं तो आहे असं दाखवलं, एवढंच."

"तेच तं वाईट झालं ना," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला.

थोड्या वेळानं नाझनीन वर आली. हातात चहाचे कप होते. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "मॅडम, लिहा."

"काय लिहू?"

"जे निघालं ते."

मी ते कोरं प्रमाणपत्र पुढं ओढलं आणि लिहिलं, सदर उत्तर विश्वासार्ह नाही. खाली सही केली.

"आता तो फ्लेक्स उतरवून घेतो," रफिक म्हणाला.

"मांडव?" नाझनीननं विचारलं.

मांडव घालून झाला होता. आचारी सांगून झाला होता. पाहुणे, म्हणजे खरेखुरे पाहुणे, मोताळ्यापासून येणार होते. रफिकनं गावच्या मंडळींना फोन लावला. पलीकडून म्हणाले, "शोध चुकला तं चुकला. पण जेवण थोडीच चुकलं हाये?" त्यांनी उपायही काढला. फ्लेक्सवर 'लावल्याबद्दल' या शब्दावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि पेंटरकडून तिच्यावर 'तपासल्याबद्दल' लिहून घेतलं. नवा शोध तपासल्याबद्दल भव्य जाहीर सत्कार. वाचायला काही वाईट नव्हतं.

शाळेच्या मैदानात गाव जमलं होतं, स्टँडवरचा फ्लेक्स आणून व्यासपीठामागं लावला होता. नाझनीनची आई पुढच्या रांगेत, शेजारी अम्मी. दोन पुढाऱ्यांची भाषणं झाली. पहिल्यांनी क्वांटममुळे जिल्ह्याचा विकास होईल असं सांगितलं, दुसऱ्यांनी पहिल्यांमुळे विकास थांबला असं सांगितलं. मग माझं नाव पुकारलं, 'मॅडमच्या हस्ते प्रमाणपत्र.' मी नाझनीनच्या कानात म्हटलं, "अगं, माझ्याजवळ एकच प्रमाणपत्र आहे आणि ते ते आहे."

"मंग तेच द्या."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"मॅडम, दुसरं कुठून आणता?"

मी दिलं. फोटो निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं माइक घेतला आणि ते प्रमाणपत्र वाचून दाखवलं. "सदर उत्तर विश्वासार्ह नाही." आणि म्हणाली, "मले वाटलं होतं का मले काहीतरी नवं सापडलं. तपासलं तं नाही सापडलं. ज्यांनी तपासलं ते माह्ये मामू अन् मॅडम. अन् चिठ्ठ्या काढल्या माह्या नानीनं. बस, एवढंच."

तेवढ्यात मागून फर्र असा आवाज आला. उन्हानं फ्लेक्सवरची पट्टी सुटली आणि खाली आली, आणि भल्या मोठ्या अक्षरांत पुन्हा दिसलं, 'नवा शोध लावल्याबद्दल'. नाझनीननं मागं वळून पाहिलं आणि ती हसायला लागली. अशी हसली, की चष्मा हातात घ्यावा लागला. मग रफिक हसला, रडत रडतच, मग पुढची रांग, मग सगळं गाव. टाळ्या कोणी सुरू केल्या कोण जाणे, पण प्रमाणपत्र देताना झाल्या त्याच्या दुप्पट झाल्या. जेवण उत्तम होतं.

ती परिषदेला गेली आणि जे मैदानात सांगितलं तेच तिथं सांगितलं, जरा इंग्रजीत. कोणी उभं राहून तिला खोटं पाडलं नाही, पाडायला तिनं काही ठेवलंच नव्हतं. तिच्या प्रबंधात, तपासणारा माणूस वाईट हेतू नसतानाही घरच्याला चांगल्या जागी कसा बसवतो, यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात 'बोहनी' हा शब्द तसाच ठेवलाय. डॉक्टर झाली. परदेशातून फोन करते तेव्हा आधी विचारते, "मामू बटन कितीदा दाबून राह्यले?" रफिक आता एकदाच दाबतो, डोळे मिटून. जे निघेल ते, घरचा असो की पाहुणा, मान्य करतो आणि माऊसला हात लावून तो हात कपाळाला लावतो. मी त्याला काही म्हणाले नाही. त्यात यंत्राचं काही बिघडत नाही.

मला एकच चुटपुट आहे. इतकी वर्षं त्या यंत्रांची झाडाझडती घेतली, पण त्यांतलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ज्यांना नापास केलं, त्यांची तोंडं तरी बघायला हवी होती.

परवा ढेपेच्या दुकानात गेले होते. अम्मींनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून गल्ल्याच्या मागं लावलंय. मी आजवर इतकी दिली, पण भिंतीवर लागलेलं हे एकच. धाडचे तेच मातीवाले दादा पोतं घ्यायला आले होते. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. "हे काय लावलं, अम्मी?"

"माह्या नातीचं सर्टिफिकेट हाये."

"काय लिहिलं?"

"तिचं उत्तर चुकलं असं लिहिलं."

दादा चक्रावले. "चुकलं म्हणून लिहिलं, अन् तुम्ही भिताडाले लावलं?"

अम्मींनी त्यांची नोट घेतली, डोळ्याला लावली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. म्हणाल्या, "खोटं लिहिलं असतं तं लावलं असतं का?"